अक्षराची आकृती कोणाच्या मालकीची?

खिळे जुळवून मजकूर छापला जाई, तेव्हा प्रत्येक अक्षराला शिशाचा देह होता. संगणकाच्या पडद्यावरील अक्षराला तसा देह नाही. टंकामध्ये साठवलेली असते ती केवळ बाह्यरेषा : काही बिंदू आणि त्यांना जोडणाऱ्या सरळ व वक्र रेषा. अक्षर दाखवावयाचे झाले की सॉफ्टवेअर ही बाह्यरेषा हव्या त्या आकाराची करते, ठिपक्यांच्या जाळीवर ठेवते आणि ज्या ठिपक्याचा जेवढा भाग रेषेच्या आत येईल तेवढी गडद छटा त्याला देते.

अडचण येते ती बारीक अक्षरांत. शिरोरेषा जाळीच्या दोन ओळींच्या मधोमध पडली, तर एका ठसठशीत रेघेऐवजी दोन फिकट पट्टे उमटतात. म्हणून रेषा नेमकी कोठे बसवावी याच्या सूचना टंकातच लिहिण्याची सोय ॲपलने १९९१ साली आणलेल्या ट्रूटाइप पद्धतीत केली. आणि त्या सूचना अमलात आणण्याच्या तंत्रावर पेटंटेही घेतली.

१९९६ साली सुरू झालेले फ्रीटाइप हे सर्वांना खुले असलेले सॉफ्टवेअर. या सूचना वाचण्याचे ज्ञान त्याच्या कर्त्यांपाशी होते. तरीही पेटंटांच्या धास्तीने तो भाग त्यांना बंद ठेवून द्यावा लागला, आणि रेषांची जागा अंदाजाने ठरवणारी निराळी पद्धत रचावी लागली. मे २०१० मध्ये पेटंटांची मुदत संपली, जुलैमधील २.४ या आवृत्तीत तो भाग खुला झाला. वाट अडली होती ती ज्ञानाअभावी नव्हे, मालकीमुळे.

शोधकाला मोबदला नको काय, असे कोणी विचारील. तो जरूर मिळावा. परंतु लिपी ही पिढ्यान्‌पिढ्यांच्या हातांनी घडलेली सामाजिक संपत्ती आहे; ती स्वच्छ उमटवण्याच्या साधनावर वीस-वीस वर्षे कुलूप राहावे, हे न्याय्य नाही. महागड्या पडद्यावर ठिपके इतके दाट असतात की ही उणीव जाणवत नाही. अस्पष्ट अक्षरे वाट्याला येतात ती स्वस्त पडद्यावर वाचणाऱ्याच्या.

अँड्रॉइड फोनांनी वर्षानुवर्षे फ्रीटाइपच्याच साह्याने अक्षरे रेखाटली आहेत. सामायिक श्रमाची ही ताकद ओळखून आपण एक साधी मागणी लावून धरली पाहिजे : सार्वजनिक पैशातून होणारे मराठी टंक खुल्या परवान्यानेच दिले जावेत, आणि ते साध्यातल्या साध्या पडद्यावर पारखूनच स्वीकारले जावेत.