पिशवीभर गोळ्यांचा हिशेब कोण ठेवणार?

रुग्णालयातून म्हातारे माणूस घरी यायचे म्हटले की घरच्यांचे सारे लक्ष बिलाकडे लागलेले असते. विम्याचे कागद, अनामत रक्कम, गाडीची सोय अशा धावपळीत केव्हातरी डिस्चार्ज कार्ड आणि गोळ्यांची पिशवी हातात पडते. ‘चिठ्ठीवर सगळं लिहिलंय’ एवढे सिस्टर सांगतात. खरा प्रश्न घरी आल्यावर सुरू होतो. आजारपणापूर्वीच्या गोळ्या कपाटात असतातच. त्या चालू ठेवायच्या की बंद करायच्या, याबद्दल कार्डावर अनेकदा अक्षरही नसते.

फॅमिली डॉक्टर म्हणून अशा पिशव्या मी नेहमी टेबलावर रिकाम्या करून घेतो. एका आजोबांच्या पिशवीत रक्तदाबाचे एकच औषध दोन कंपन्यांच्या दोन नावांनी निघाले. एक आधीपासूनचे, दुसरे रुग्णालयातले. आजोबा दोन्ही इमानेइतबारे घेत होते आणि उठताना भोवळ येते म्हणून माझ्याकडे आले होते. दोष कोणाला द्यायचा? दोन्ही चिठ्ठ्या आपापल्या जागी बरोबर होत्या. चुकली होती ती त्यांची बेरीज, आणि ती करणे हे कोणाचेच काम नव्हते.

वय वाढते तसे मूत्रपिंडाचे काम मंदावते, औषध शरीराबाहेर पडायला वेळ लागतो. चाळिशीत सोसणारा डोस पंचाहत्तरीत जड होतो. मधुमेहावरच्या ग्लिबेनक्लामाइडने वृद्धांची साखर धोकादायक इतकी खाली जाऊ शकते आणि बराच वेळ खालीच राहू शकते. सर्दीच्या साध्या गोळीतले क्लोरफेनिरामिन म्हाताऱ्या माणसाला भ्रमात टाकू शकते, प्रोस्टेट वाढलेल्या पुरुषाची लघवी अडवू शकते. शिवाय एका गोळीच्या त्रासावर दुसरी, अशी साखळी तयार होते. अ‍ॅम्लोडिपिनने पाय सुजतात, सूज उतरावी म्हणून लघवीची गोळी, त्यामुळे रात्री उठणे, मग झोपेची गोळी, आणि एके रात्री अंधारात तोल जाऊन खुब्याचे हाड मोडते. मूळ कारण पहिली गोळी होती, हे कोणाच्या ध्यानातही येत नाही.

हा विचार काही नवा नाही. अमेरिकेतील डॉ. मार्क बीअर्स यांनी वृद्धांसाठी शक्यतो टाळावयाच्या औषधांची यादी १९९१ मध्ये मांडली. ती आजवर अनेकदा सुधारली गेली, २०२३ मध्येही. आयर्लंडमधील तज्ज्ञांनी २००८ मध्ये कोणती औषधे थांबवावीत आणि कोणती राहून गेलेली सुरू करावीत, अशी दुहेरी यादी दिली. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये औषधांमुळे होणारी इजा टाळण्याची मोहीम हाती घेतली, तेव्हा एकाच वेळी अनेक औषधे घेणे आणि रुग्ण एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी जाणे या दोन्ही गोष्टींवर बोट ठेवले. रुग्णालयातून घरी येणे हे असेच एक वळण आहे.

मग आपल्याकडे घोडे कोठे अडते? वेळ नाही, हे नेहमीचे उत्तर. ते खोटे नाही, पण अपुरे आहे. खरी अडचण भिडेची आहे. ‘मोठ्या डॉक्टरांनी लिहिलेली गोळी आपण कशी बंद करायची?’ असे धाकट्या डॉक्टरांना वाटते. हृदयाचे डॉक्टर मेंदूच्या डॉक्टरांच्या औषधाला हात लावत नाहीत. आणि गोळ्या कमी करणारा डॉक्टर रुग्णाला कमी हुशार वाटतो! त्यामुळे गोळी सुरू करायला सगळे असतात, बंद करायला कोणी नसते. रुग्णालयात पोटासाठी म्हणून दिलेले पॅन्टोप्राझोल वर्षानुवर्षे चालू राहते ते यामुळेच.

माझ्या मते प्रत्येक डिस्चार्ज कार्डावर चार रकाने सक्तीचे हवेत: चालू ठेवायची औषधे, बंद केलेली, नवी, आणि डोस बदललेली. नव्या औषधापुढे ते कशासाठी आणि किती दिवस, हे मराठीत लिहिलेले असावे. औषधशास्त्रातील फार्म.डी. हा अभ्यासक्रम आपल्या देशात २००८ मध्ये सुरू झाला. या तरुणांना रुग्णाच्या खाटेपाशी बसवून हा ताळा करून घेता येईल. आणि घरी आल्यावर दोन आठवड्यांच्या आत एकाच डॉक्टरने सगळी औषधे समोर ठेवून पाहिली पाहिजेत. पंधरा मिनिटांचे हे काम पुन्हा भरती होण्यापेक्षा नक्कीच स्वस्त आहे.

अर्थात, हे वाचून कोणी स्वतःच गोळ्या बंद करू नयेत. स्टेंट घातल्यानंतरचे रक्त पातळ ठेवणारे औषध, स्टिरॉइड, फिट्सची किंवा बरीच वर्षे घेतलेली झोपेची गोळी एकाएकी थांबवणे जिवावर बेतू शकते. कमी करायचे तेही डॉक्टरांच्या सल्ल्याने, एकेक करून.

घरच्यांचे कामही मोठे नाही. डॉक्टरकडे जाताना नुसती चिठ्ठी न नेता आयुर्वेदिक चूर्ण, डोळ्यांचे थेंब, गुडघेदुखीसाठी केमिस्टकडून परस्पर आणलेल्या गोळ्या यांच्यासह सगळी पिशवी न्यावी. पुण्याहून वा परदेशातून रोज फोन करणारी मुले ‘बाबा, गोळ्या घेतल्या का?’ असे आठवणीने विचारतात. त्याबरोबर ‘कुठली गोळी कशासाठी आणि कधीपर्यंत?’ हेही विचारावे. बाबांना उत्तर देता आले नाही, तर ते डॉक्टरांकडून मिळवणे हा त्यांचा हक्क आहे.