मताला तारीख लागत नाही, घराला लागते



1 फेब्रुवारी 2007 ला मुंबई महानगरपालिकेची निवडणूक झाली. 227 नगरसेवक निवडून आले. शिवसेना-भाजपनं सत्ता राखली. आपल्यातलं कुणी म्हणेल, त्याचं आपल्याला काय? मुंबईचं राजकारण मुंबईवाले बघतील.

पण तानसा धरण कुणाचं? मोडकसागर कुणाचं? याच महानगरपालिकेचं. शहापूर-मोखाड्याकडचं पाणी मोठमोठ्या पायपांतून मुंबईला जातं, आणि धरणाच्या उशाला असलेल्या पाड्यांवर एप्रिल-मेमध्ये बाया हंडा घेऊन झरे शोधत फिरतात. मग त्या पालिकेत कोण बसतं, हे आपण बघायला नको?

मतदानाच्या आठवड्यात मी मानखुर्दला होते. आपल्याकडून कामाला गेलेली माणसं तिथं वस्तीत राहतात. एका बाजूला खाडी, दुसऱ्या बाजूला देवनारचं डम्पिंग. मधे मंडाळा, महाराष्ट्र नगर, चित्ता कॅम्प अशा वस्त्या. मराठवाड्यातले दलित, यूपी-बिहारचे मुसलमान, तमिळ लोक, सगळे गावाकडून पोटासाठी निघून आलेले.

निवडणुकीचं तिथं काय वाटतं म्हणून मी लोकांशी बोलले. काहींचं म्हणणं, कोणीही आला तरी गटार तुंबलेलंच राहणार. काही जण निकालावर खूश होते, काही नाराज. पण बऱ्याच जणांच्या, जास्त करून बायांच्या बोलण्यात एकच गोष्ट पुन्हा पुन्हा आली. मत कुणाला दिलं ते सोडा, यादीत नाव राहिलं पाहिजे. नाव राहिलं तर उद्या घर मागता येईल.

हे नीट समजून घ्यायला पाहिजे. 2007 मध्ये मुंबईत झोपडीला तारीख होती, 1 जानेवारी 1995. त्या तारखेच्या मतदार यादीत नाव असलं तर तुम्ही पात्र ठरायचात, म्हणजे झोपडी पाडली तर बदली घर मिळायचं. नसलं तर अपात्र. अपात्राला घर नव्हतं आणि कायदेशीर नळही नव्हता. म्हणून आपल्या डोंगरातून गेलेलं पाणी मानखुर्दमधला गरीब माणूस कॅन भरून विकत घ्यायचा. आपल्याला वाटतं पाणी मुंबईनं नेलं. पण मुंबईत सगळेच पाणी पीत नाहीत.

आता गंमत बघा. 1995 नंतर आलेल्या माणसाचं नाव मतदार यादीत चालायचं. त्याच्या दारात सगळ्या पक्षांचे उमेदवार हात जोडून यायचे, तेव्हा कुणी विचारायचं नाही की बाबा, तू कधी आलास? मत देताना तो मुंबईकर, घर मागताना तो घुसखोर.

पुढारी काय करतात तेही मानखुर्दनं बघितलंय. 1995 ला युतीनं 40 लाख झोपडपट्टीवाल्यांना फुकट घरं देऊ सांगितलं. सत्ता मिळाली, घरं किती झाली ते सगळ्यांना माहीत आहे. 2004 ला काँग्रेस आघाडीनं वचन दिलं, 2000 पर्यंतच्या झोपड्यांना संरक्षण देऊ. ऑक्टोबरात निवडून आले आणि डिसेंबरात बुलडोझर काढले. दोन-तीन महिन्यांत मुंबईत 80 हजारांवर झोपड्या पाडल्या, त्यात मंडाळाही होतं. लोकांनी ताडपत्र्या टाकून तिथंच पुन्हा संसार मांडला. मेधाताई पाटकरांबरोबर घर बचाओ घर बनाओ आंदोलन त्यातूनच उभं राहिलं.

आणि कागद असला म्हणजे माणूस सुटला असंही नाही. चित्ता कॅम्पची माणसं आधी जनता कॉलनीत राहायची. तिथं त्यांना पालिकेनंच आणून बसवलं होतं. तरी आणीबाणीत, मे 1976 मध्ये, भाभा अणुकेंद्राला जागा पाहिजे म्हणून सुमारे 70 हजार माणसांची वस्ती उठवली.

आपल्यातले काही कार्यकर्ते म्हणतात, वस्तीतले लोक पैशावर, बाटलीवर मत विकतात, त्यांच्याबद्दल काय बोलायचं? मला हे पटत नाही. मुंबईत निम्म्याहून कमी मतदारांनी मत दिलं. बंगलेवाला घरी बसला तरी त्याचं घर जात नाही. वस्तीतली बाई मात्र रोजी बुडवून रांगेत उभी राहते, कारण तिला त्या यादीची गरज आहे. कुणी बाटली घेतली असेलही. आपल्या गावात घेत नाहीत का? तिच्या रांगेला हसू नका.

दोष असला तर तो यादी तिच्या हातात नसण्याचा आहे. मुंबईची लोकसंख्या 2001 च्या जनगणनेत 1 कोटी 19 लाख. म्हणजे एका नगरसेवकामागे पन्नास हजारांवर माणसं. सगळी वस्ती एकत्र बसेल आणि ठरवेल की हा इथला, ही इथली, अशी सभाच तिथं नाही. कोण पात्र ते साहेब ठरवतो. नगरसेवक पाच वर्षांनी बदलतो, साहेबाचं रजिस्टर तेच राहतं.

आता आपल्याकडं या. तारखेचा फास आपल्यालाही नवा नाही. फॉरेस्ट प्लॉटला 31 मार्च 1978 ची तारीख होती. ज्याच्याकडं दंडाची पावती त्याचं नाव लागलं. ज्याच्या बापाकडून गार्डनं पैसे, कोंबडी घेतली आणि पावती दिलीच नाही, तो अतिक्रमणवाला ठरला. 2002 च्या मे महिन्यात दिल्लीहून हुकूम आला तेव्हा अशांनाच हुसकायला निघाले होते.

डिसेंबर 2006 मध्ये वनहक्काचा कायदा संसदेत मंजूर झाला. त्यातही तारीख आहे, 13 डिसेंबर 2005. पण मानखुर्दला नाही अशी एक गोष्ट त्यात आहे. दावे घेणं, तपासणं, ठराव करणं, याची सुरुवात ग्रामसभेनं करायची, आणि बायांचा पूर्ण सहभाग पाहिजे. पडताळणी पुरी होईपर्यंत कुणाला जमिनीवरून हटवायचं नाही, असंही लिहिलंय.  हात बांधून बसलो तर यादी दुसरंच कुणी करील. मग आपणही साहेबाच्या टेबलापुढं नाव शोधत उभे राहू.

म्हणून माझं म्हणणं आहे की होळीच्या आत प्रत्येक पाड्यानं बसावं. कोण कुठं नागली-वरई करतो, कधीपासून, शेजारी कोण, हे वहीत लिहावं. म्हाताऱ्यांना विचारावं. जुन्या पावत्या, नोटिसा, कोर्टाचे कागद पत्र्याच्या पेटीत ठेवावेत. बाईचं नाव नवऱ्याच्या बरोबरीनं लिहावं. विधवा, एकट्या बायांना सोडू नये. कामाला मुंबई-भिवंडीला गेलेल्यांचीही नावं घ्यावीत, नाहीतर ते तिथंही अपात्र आणि इथंही.

आणि आपला मोर्चा पाण्यासाठी पालिकेवर जाईल तेव्हा मानखुर्दच्या वस्त्यांना बोलवायचं. ज्यांचं पाणी नेलं ते आणि ज्यांना दिलं नाही ते, दोघं मिळून गेलो तर पालिकेला एकाकडं बोट दाखवून दुसऱ्याला गप्प करता येणार नाही.