रेडवूडवाल्यांनी जबलपुरात कुठे चालावे

सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपास राहणारी मराठी कुटुंबे शनिवारी डोंगरात जायला निघतात, तेव्हा वाट निवडण्यावर आदल्या रात्री चांगला खल झालेला असतो. रेडवूडच्या झाडांच्या म्यूर वूड्सला जायचे तर 2018पासून गाडी लावायची जागासुद्धा आधी राखून ठेवावी लागते. डिप्सीची वाट मिल व्हॅलीतल्या पायऱ्यांवरून चढते आणि डोंगर ओलांडून थेट समुद्रावर उतरते. पण ती पोरांना झेपेल का? धुके किती वाजता हटेल, परतीला ऊन लागेल का, हे सगळे पाहून मगच डबे भरले जातात.

हीच कुटुंबे डिसेंबरच्या सुट्टीत जबलपूरला येतात. कुणाचे घर गोहलपुरात, कुणाचे राइट टाउनात. इथे मात्र खल होत नाही. एक टॅक्सी ठरते, ती भेडाघाटला जाते, धुवांधार धबधब्यासमोर फोटो निघतात, आणि जेवायला सगळे घरी. गोहलपूरच्या दाट वस्तीतून पायी फिरायला जाण्याजोगे काही असेल, असे कुणाच्या मनातही येत नाही. ही सवय मोडायला हवी. रेडवूडची वाट निवडताना जी चोखंदळ नजर लागते, तीच जबलपूरवर टाकली तर या शहरात अर्ध्या अर्ध्या दिवसाच्या किती तरी उत्तम वाटा सापडतात.

ओकलंडच्या टेकड्यांवरचे रेडवूड पाहा. आज दिसतात ती झाडे त्या जातीच्या मानाने पोरसवदा आहेत, कारण मूळचे अरण्य एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला तोडले गेले. तिथले जुने वृक्ष इतके उंच होते की खाडीत शिरणारी गलबते त्यांच्याकडे पाहून दिशा धरत. ही गोष्ट ठाऊक असलेला माणूस त्या तरुण झाडांखालीही रेंगाळतो. जबलपूरच्या टेकड्यांची गोष्ट आपल्या मुलांना कुणी सांगितलेली नसते, म्हणून त्या रिकाम्या वाटतात.

वास्तविक मदनमहालच्या टेकडीवर पाऊल टाकले की हात आपोआप दगडावर जातो. हा ग्रॅनाइट. हजारो वर्षांच्या ऊनपावसाने त्याचे कोपरे झिजून गोलमटोल शिळा झाल्या आहेत, एकावर एक रचून ठेवल्यासारख्या. पृष्ठभाग खरखरीत, सकाळी गार, अकरानंतर चटका देणारा. अशाच एका प्रचंड शिळेच्या माथ्यावर गोंड राजांची छोटी गढी उभी आहे. जवळच ती प्रसिद्ध ‘बॅलन्सिंग रॉक’ आहे: एक अवाढव्य शिळा दुसरीवर जेमतेम टेकलेली. 22 मे 1997च्या पहाटे भूकंपाने जबलपुरातली घरे पडली, माणसे गेली. ही शिळा जागची हलली नाही. चार पावले मागे सरून, खाली वाकून, दोन दगडांच्या मधल्या फटीतून पलीकडचा उजेड पाहावा. गाडीच्या काचेतून हे दिसत नाही.

मराठी माणसाने मुद्दाम पाहावी अशी गोष्ट आणखी वेगळी आहे. सह्याद्री ज्या लाव्हारसाचा झाला, त्याचे थर जबलपूरपर्यंत पोचले आहेत. राजगड-तोरण्यावर ज्याने हाताने कातळ चाचपला आहे, त्याला बडा सिमला टेकडीच्या माथ्यावर ओळखीचा काळा दगड भेटतो. त्याच्या खालचे थर लमेटाचे. नर्मदेवरच्या लमेटा घाटावरून त्यांना हे नाव पडले. ठगांचा बंदोबस्त करणारा म्हणून इतिहासात गाजलेला कॅप्टन स्लीमन याला 1828 साली बडा सिमलाच्या परिसरातच मोठाली हाडे सापडली. पुढे 1877मध्ये जीवाश्मतज्ज्ञ लिडेकरने जबलपूरच्या या प्राण्याला ‘टायटनोसॉरस इंडिकस’ असे नाव दिले, आणि जगभरच्या टायटनोसॉर या डायनोसॉर-कुळाला नाव मिळाले ते त्यावरूनच. डायनोसॉरच्या पुस्तकांत नाक खुपसून बसणाऱ्या नातवाला हे न दाखवता परत पाठवणे हा त्याच्यावर अन्यायच आहे. टेकडी आयुध कारखान्याच्या परिसरात येते, तेव्हा परवानगी कुठवर आहे हे आधी विचारावे आणि दगड उचलून आणू नये.

भेडाघाटही टाळायचा नाही, फक्त क्रम उलटा करायचा. उजाडताच तिथल्या चौसष्ट योगिनी मंदिराच्या पायऱ्या चढाव्यात. नाव चौसष्टचे, पण कलचुरी काळातल्या या गोल प्रांगणात योगिनींचे कोनाडे 81 आहेत. मुलांना मोजायला लावावे. तिथून संगमरवराच्या कड्यांच्या अंगाने धुवांधारपर्यंत चालत जावे.

यावर आक्षेप येतो की इथे खुणेच्या पाट्या नाहीत, नकाशे नाहीत, कचरा आहे, एकट्या बाईने कसे जावे. आक्षेप खरे आहेत. पण ज्या टेकडीवर कुणी चालत नाही, तिथे पाट्या लावण्याचा आग्रह तरी कोण धरणार? चौघापाचांनी मिळून जावे, नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे दिवस धरावेत, सूर्योदयाला निघून दहापर्यंत उतरावे.

नर्मदेची लांबची परिक्रमा जमत नाही म्हणून हळहळणाऱ्यांसाठी याच शहरात एक उदाहरण आहे. चित्रकार-लेखक अमृतलाल वेगड जबलपूरचे. त्यांनी 1977 साली, पन्नाशीच्या उंबरठ्यावर, नर्मदेकाठी चालायला सुरुवात केली. पहिला टप्पा जबलपूर ते मंडला. सगळी परिक्रमा एका दमात करण्याचा हट्ट त्यांनी धरला नाही. सवड मिळेल तसा एकेक तुकडा चालले, घरी आले, रेखाटने केली, लिहिले. 2018मध्ये गेले तोवर नर्मदा म्हटले की वेगड हे समीकरण झाले होते. सुट्टीच्या तीन आठवड्यांत अशा दोन सकाळी सहज निघतात.

पहिली सकाळ मदनमहालला द्यावी. गोहलपुरातून अंधारातच रिक्षा धरावी, सोबत पाणी आणि दशम्या घ्याव्यात, उन्हाआधी गढीवर पोचावे. दुसरी सकाळ लमेटा घाटाची. तिथे काठाने चालण्याआधी घाटावरच्या नावाड्याला एवढे जरूर विचारावे, की वर बरगी धरणातून आज पाणी सोडले आहे का.