हुनर हातात आहे, हिशेबही हातात घ्या

गेल्या महिन्यात आमच्या दुकानावर नात्यातला एक तरुण आला. चित्रकलेचे रीतसर शिक्षण घेतलेला आहे. मुलांच्या पुस्तकांतील चित्रे, मुखपृष्ठे, साडीच्या बॉक्सवरची नक्षी असे काम घरी बसून करतो. म्हणाला, "चाचा, मला कंपनी काढायची आहे. कंपनी असली की लोक पैसे बुडवत नाहीत म्हणे."

आम्ही विचारले, "तुझी बिले दाखव." बिल एकही नव्हते. व्यवहार सगळा जुबानी. एका प्रकाशकाने वर्षभराच्या ४ लाखांच्या कामातून ४० हजार कापून घेतले होते. या पोराला वाटले, ती दलाली आहे!

वाचक बंधूंनो, ती दलाली नव्हती. तो टीडीएस होता. अशा व्यावसायिक कामाची फी एका देणाऱ्याकडून वर्षाला ५० हजारांच्या वर गेली, की तो १० टक्के कापून सरकारात भरतो. ही रक्कम आपल्या पॅनवर जमा होते. रिटर्न भरले तर ती आपल्या करात वळती होते आणि कर लागतच नसेल तर परत मिळते. आमच्या या पोराची कमाई करपात्रच नव्हती. पण त्याने दोन वर्षे रिटर्नच भरले नाही. ज्या वर्षाची मुदत गेली, त्या पैशासाठी आता अर्ज-विनंत्या कराव्या लागणार.

आता कंपनीबद्दल. एकट्या माणसाला कंपनी काढता येते, २०१३ च्या कंपनी कायद्याने तशी सोय केली आहे. परंतु उलाढाल असो वा नसो, कंपनीला दरवर्षी ऑडिट करावे लागते, सरकारात कागदपत्रे भरावी लागतात आणि त्याचा खर्च येतो. कंपनीचा फायदा असा की धंदा बुडाला तरी देणेकरी मालकाच्या घरापर्यंत सहसा पोहोचत नाही. आम्ही कापडवाले लाखोंचा माल उधारीवर उचलतो, आम्हाला ही भीती असते. चित्रकाराने कोणाचे काय उचललेले असते? कागद, रंग, फार तर एक संगणक. त्याने कंपनीचे ओझे कशासाठी घ्यावे?

भागीदारीचेही तसेच आहे. भागीदारी पेढीला आणि एलएलपीला नफ्याच्या पहिल्या रुपयापासून ३० टक्के कर लागतो. भागीदारांचा पगार ठरावीक मर्यादेत वजा होतो. उलट स्वतःच्या नावाने धंदा करणाऱ्याला २०२५-२६ पासून नव्या कररचनेत १२ लाखांपर्यंतच्या नेहमीच्या उत्पन्नावर कर भरावा लागत नाही. दोघे भाऊ मिळून खरोखरच काम करीत असतील तर भागीदारी करावी, पण करारनामा लिहून करावी. एकाने केलेले देणे दुसऱ्याच्याही गळ्यात पडते, हे विसरू नये.

आमचे स्पष्ट मत असे की एकट्या चित्रकाराने आपल्याच नावावर धंदा करावा, पण हिशेब पेढीसारखा ठेवावा. धंद्याचे बँक खाते वेगळे असावे. प्रत्येक कामाला अनुक्रमांकाचे बिल द्यावे. रंग, कागद, विजेचा वाटा, संगणक यांच्या पावत्या जपाव्यात. काही जण सांगतात की फीचा निम्मा भाग नफा दाखवला की झाले. ती सवलत कायद्यातील यादीतल्या पेशांना आहे: वकील, डॉक्टर, वास्तुविशारद, सिने-कलावंत वगैरे. पुस्तकांची चित्रे काढणाऱ्याचे स्वतंत्र नाव त्या यादीत नाही. म्हणून सी.ए.ला विचारल्याशिवाय तो मार्ग धरू नये. जीएसटीची नोंदणी सेवा देणाऱ्याला वर्षाला २० लाखांची उलाढाल होईपर्यंत सहसा लागत नाही. ४० लाखांची मर्यादा माल विकणाऱ्यांसाठी आहे, तिच्यावर विसंबू नका. आणि नोंदणी नसताना बिलात जीएसटी लावणे हा गुन्हा आहे.

राहिला पैसे बुडण्याचा प्रश्न. त्याला कंपनी नव्हे, उद्यम नोंदणी हा इलाज आहे. ती २०२० पासून सुरू आहे आणि मोफत आहे. नोंदणी असलेल्या लहान उद्योगाचे पैसे लेखी करार नसेल तर १५ दिवसांत आणि असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात. २०२३-२४ पासून त्याला जोर आला आहे. मुदतीत पैसे दिले नाहीत, तर ते देईपर्यंत तो खर्च व्यापाऱ्याला आपल्या उत्पन्नातून वजा करता येत नाही.

इथे आमच्या व्यापारी बंधूंना दोन शब्द सांगायचे आहेत, आणि आधी स्वतःला. आम्ही त्या पोराला थकबाकीची यादी करायला बसवले. यादीत तिसरे नाव आमच्याच पेढीचे निघाले! बॉक्सच्या नक्षीचे १८ हजार, सात महिन्यांपासूनचे. तो दोनदा येऊन गेला होता आणि "ईदनंतर बघू" म्हणून आमच्या मुनीमजींनी त्याला वाटेला लावले होते. नात्यातला म्हणून तो बोलला नाही. आम्हाला मान खाली घालावी लागली.

सूताच्या व्यापाऱ्याचे पैसे आम्ही तारखेला देतो, कारण तो पुढचा माल रोखतो. कारागीर काही रोखू शकत नाही, म्हणून त्याचे पैसे मागे पडतात. यात कसली इमानदारी?

त्या दिवशी त्याने आमच्या गल्ल्यावर बसून आयुष्यातले पहिले बिल लिहिले. क्रमांक १, आमच्याच नावाचे. पैसे आम्ही त्याच दिवशी त्याच्या खात्यात भरले.