मालाला वाट, माणसाला वळसा

रेल्वेच्या परिभाषेत ‘रोड’ म्हणजे सडक नव्हे. ‘गाव येथून बरेच दूर आहे’ अशी ती सभ्य सूचना असते, हे वसई रोडला उतरून वसई गाव गाठणाऱ्या वाचकांना सांगण्याची आवश्यकता नाही. त्याच जातकुळीचे दुसरे स्थानक आपल्या अगदी शेजारी आहे. वसई रोडहून दिव्याकडे जाणाऱ्या फाट्यावर जूचंद्र, कामण रोड, खारबाव ही स्थानके मागे टाकली की भिवंडी रोड येते. पुढे कोपर, मग दिवा. आपल्यापैकी किती जण या स्थानकावर कधी उतरले असतील?

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे ही पहिली आगगाडी धावली. पुढील वर्षी लोहमार्ग कल्याणास पोहोचला. भिवंडी हे खाडीकाठचे जुने व्यापारी गाव हाकेच्या अंतरावर असूनही रुळांपासून वंचित राहिले, ते तब्बल सव्वाशे वर्षे. पुढे १९८०च्या सुमारास दिवा-वसई मार्ग टाकला गेला, तोही भिवंडीकरांची कणव येऊन नव्हे. पश्चिम आणि मध्य रेल्वेच्या मालगाड्यांना मुंबईच्या गर्दीत न शिरता एकमेकींच्या रुळांवर जाता यावे, एवढाच त्यामागील हेतू होता. १९८९ मध्ये न्हावा-शेवा येथील बंदर सुरू झाले आणि उत्तरेकडे जाणाऱ्या कंटेनरांची रांग याच मार्गाने वाहू लागली. प्रवाशांची गाडी सुरू झाली ती नव्वदीच्या दशकात. घरातील पाहुणे जेवून उठल्यावर गड्याला पान वाढावे, त्यातला हा प्रकार.

आजही दिवसभरातील प्रवासी गाड्या बोटांवर मोजता येतात. २०११च्या जनगणनेत भिवंडी महानगरपालिकेची लोकसंख्या सात लाखांहून अधिक भरली. यंत्रमागांचे हे शहर पाळ्यांवर चालते. पूर्णा, राहनाळ, माणकोलीच्या गोदामांत हजारो हात राबतात. पाळी सुटते त्या वेळी गाडी नसते आणि गाडी येते त्या वेळी कामगार मागावर उभा असतो. मग तो रिक्षात कोंबला जातो, नाहीतर टेम्पोच्या मागे लोंबकळतो. चिंचोटी-अंजूरफाटा रस्त्याची कीर्ती तर मी वर्णन करावी अशी उरलेलीच नाही.

यावर ठरलेले उत्तर मिळते: या मार्गावर प्रवासीच नाहीत. असे उत्तर देणाऱ्यांना नम्रपणे विचारावेसे वाटते की, दोन गाड्यांमध्ये कित्येक तासांचे अंतर ठेवल्यावर प्रवासी यावेत कोठून? दुकान दिवसातून दोन घटका उघडायचे आणि गिऱ्हाईक फिरकत नाही म्हणून हळहळायचे, यास हिशेब म्हणत नाहीत.

दुसरा युक्तिवाद अधिक वजनदार आहे आणि तो मी झटकून टाकणार नाही. मालवाहतुकीच्या उत्पन्नातूनच प्रवासी वाहतुकीचा तोटा भरून निघतो, हे खरे आहे. परंतु तो तोटा सोसायचा कोणासाठी, हे ठरवताना भिवंडीचा कामगार नेहमीच यादीबाहेर का राहतो? २०२० साली टाळेबंदीच्या काळात गोदामांतील माल देशभर पाठविण्यासाठी मध्य रेल्वेने याच भिवंडी रोडवरून पार्सल गाड्या सुरू केल्या. तत्परता वाखाणण्यासारखी होती. म्हणजे स्थानक चालविता येते, फलाट वापरता येतो, वेळापत्रकात जागाही काढता येते. खोक्यांसाठी येते.

ठाणे-भिवंडी-कल्याण मेट्रोचे भूमिपूजन २०१८च्या डिसेंबरमध्ये झाले. तिचे नाव पुढे करून हा विषय मिटविण्याची नवी युक्ती निघाली आहे. ती मेट्रो खारबावला जाणार नाही, कामणला जाणार नाही, वसईलाही येणार नाही.

आता थोडे आपल्याविषयी. वसईहून डोंबिवली-कल्याणकडे नोकरीस जाणारी आपली कित्येक मुलेमुली आधी दादर गाठतात आणि तेथून पुन्हा उलट उत्तरेकडे चढतात. नकाशावर बोट ठेवून पाहावे. हा निव्वळ वेडा वळसा आहे. तरीही आपल्या धर्मग्रामांतून निघणारी निवेदने चर्चगेटच्या लोकलपुरतीच असतात. हिरव्या पट्ट्यासाठी आणि पाण्यासाठी फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्यासमवेत रस्त्यावर उतरलेली वसई या फाट्याविषयी मूग गिळून बसते. याचे कारण मला दिसते ते कटू आहे: कामणचा आदिवासी, जूचंद्रचा आगरी, भिवंडीचा मुसलमान विणकर हे ‘आपले’ प्रवासी नव्हेत, असे आपण मनातल्या मनात ठरवून टाकले आहे. रेल्वेने त्यांना मालापेक्षा खालचे लेखले. आपण त्यांना लेखलेच नाही.

मालगाड्यांसाठी न्हावा-शेव्यापर्यंतचा स्वतंत्र लोहमार्ग खारबावजवळूनच आखला गेला. माल जसजसा तिकडे वळेल, तसतशी जुन्या रुळांवर जागा मोकळी होत जाईल. ती जागा कोणास मिळावी, हे आताच मागितले पाहिजे. नाहीतर तीही मालालाच जाईल. सकाळ-संध्याकाळच्या वेळी दर अर्ध्या तासाला एक मेमू, पाळ्यांशी जुळणारे वेळापत्रक आणि वसई रोडला विरार लोकलशी गाठ घालून देणाऱ्या वेळा, एवढीच मागणी आहे. वसई रोड पश्चिम रेल्वेचे आणि भिवंडी रोड मध्य रेल्वेचे असल्यामुळे निवेदनाच्या दोन प्रती कराव्या लागतील: एक चर्चगेटला, दुसरी छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला. सह्यांची सुरुवात मात्र जूचंद्र आणि कामणपासून व्हावी, आणि त्यासाठी आपण तेथवर जावे.