आधी घोडा, मग घड्याळ

कॅलिफोर्नियात १९५५ साली सुरू झालेली 'टेव्हिस कप' ही घोडेस्वारीची स्पर्धा १०० मैलांची, म्हणजे सुमारे १६० किलोमीटरची असते. मुदत २४ तास. वाटेत ठिकठिकाणी पशुवैद्य घोड्याची नाडी आणि चाल तपासतात. घोडा तंदुरुस्त नसेल, तर स्वाराला तिथेच थांबावे लागते.

हा नियम योग्यच आहे. पण खरी काळजी सरावातच घ्यायला हवी. घोड्याचे हृदय आणि स्नायू काही महिन्यांत तयार होतात. हाडे आणि कंडरा यांना त्याहून बराच अधिक काळ लागतो. दम टिकतो म्हणून अंतर आणि वेग एकदम वाढवला, तर पाय जायबंदी होण्याचा धोका असतो.

वाटेवरचे शिष्टाचारही घोड्याच्या भल्यासाठीच असतात. दुसऱ्याचा घोडा पाणी पीत असताना आपला पुढे काढू नये. घोडा कळपाने राहणारा प्राणी. सोबती निघाला, की तहान तशीच ठेवून तोही निघू पाहतो.

पहिल्या दहांतील सर्वांत सुस्थितीतील घोड्याला इथे 'हॅगिन कप' मिळतो. थकवा बोलून न दाखवणाऱ्या प्राण्याच्या खेळात खरा मान याच कपाला हवा.