प्रिचर्ड कुणाचा?

दर ऑलिंपिकला हा वाद हमखास उगवतो. कुणीतरी लिहितं, 'भारताला पहिलं वैयक्तिक पदक खाशाबा जाधवांनी मिळवून दिलं.' मग दुसरा नॉर्मन प्रिचर्डचं नाव काढतो आणि जुंपते. आपल्या मराठी मंडळींचं ठरलेलं उत्तर: 'तो गोरा साहेब, तो कसला भारतीय!'

मला हे अजिबात पटत नाही. प्रिचर्ड जन्मला कलकत्त्यात, शिकला तिथल्याच सेंट झेवियर्समध्ये. बंगालची १०० यार्डांची शर्यत त्याने १८९४ पासून ओळीने सात वर्षं मारली. १९०० मध्ये इंग्लंडला गेला, तिथल्या अजिंक्यपद स्पर्धेत हर्डल्समध्ये दुसरा आला आणि तिथून थेट पॅरिस ऑलिंपिक. तिथे २०० मीटर आणि २०० मीटर हर्डल्स, दोन्हींत दुसरा. तेही गवतावर धावून! हर्डल्समध्ये त्याच्या पुढे होता क्रेन्झलाईन, म्हणजे पुढचा पाय सरळ टाकून अडथळा ओलांडायची पद्धत ज्याने रूढ केली तो. त्याच्यामागे दुसरं येणं ही काय चेष्टा आहे?

बरं, गोरा म्हणून वगळायचा, तर १९२८ च्या हॉकी सुवर्णपदकाचं काय करणार? त्या संघात अँग्लो-इंडियन खेळाडू भरपूर होते. एकही गोल न खाणारा गोलकीपर रिचर्ड ॲलन त्यांच्यातलाच. तिथे बरी छाती फुगते!

'पण तो संघ भारताने पाठवला होता.' मान्य. पण १९०० साली पाठवणार कोण? ब्रिटनची ऑलिंपिक संघटना १९०५ ची, आपली १९२७ ची. आयओसी त्याची पदकं भारताच्या खात्यात धरते, जागतिक ॲथलेटिक्स संघटना ब्रिटनच्या. आमच्या धंद्यात याचं कारण लगेच कळतं: टेबलात 'देश' हा कॉलम रिकामा सोडता येत नाही, मग मागाहून कुणीतरी काहीतरी भरतं.

आणि खाशाबांना मोठं करायला प्रिचर्डला खोडायची गरजच काय? १९५२ चं त्यांचं ब्राँझ हे स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक पदक, यात वादच नाही. गोळेश्वरच्या या पैलवानाला हेलसिंकीच्या प्रवासासाठी लोकांकडून पैसे जमवावे लागले आणि अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणोत्तर. भांडायचंच तर त्यावर भांडा की.

प्रिचर्ड पुढे अमेरिकेत गेला, नॉर्मन ट्रेव्हर या नावाने नाटकं आणि मूकपट करू लागला. १९२६ च्या 'बो जेस्ट'मध्येही तो आहे. १९२९ मध्ये कॅलिफोर्नियात वारला. तिथे मात्र त्याला आपला म्हणायला कुणी भांडत नाही!